रावबहादूर लोखंडे आणि आपल्या बांधावरचा फवारणीवाला



दरवेळी या पानावर आपण खत, बियाणे, कीड-रोग यावर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. हा माणूस शेतीतज्ज्ञ नव्हता, त्याने कधी पंप पाठीला लावला नाही. त्याला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तरी फवारणीचा विषय निघाला की मला तोच आठवतो. का, ते शेवटापर्यंत वाचलंत की कळेल.

आधी तळोज्याचे एक चित्र डोळ्यापुढे आणा. पनवेल तालुक्यात तळोजे एमआयडीसीचा पट्टा आपण सगळेच बघतो. कारखान्यांच्या भिंती, टँकरच्या रांगा आणि भिंतीला लागूनच उरलेसुरले भाताचे खाचर, वांगी-भेंडीचे तुकडे, तोंडली-कारल्याचे मांडव. यातली काही गावे २०१६ साली पनवेल महापालिकेत गेली. पण पालिका आली म्हणून पाठीवरचा पंप काही गेला नाही.

एका संध्याकाळी मी अशाच एका भिंतीकडेच्या वांग्याच्या प्लॉटवर गेलो होतो. वीस-बावीस वर्षांचा पोरगा फवारत होता. पायात काही नाही, अंगात बनियन, तोंडाला काही नाही, वारा समोरून. ओळखीचा निघाला. दिवसा तो शेजारच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. तिथे शिरताना त्याला डोक्याला टोपी, हातात मोजे, पायात बूट घालावेच लागतात, नाहीतर फाटकावरून परत पाठवतात. सुटी झाली की तो भिंत ओलांडून इकडे येतो आणि उघड्या अंगाने विष मारतो. मी विचारल्यावर नुसता हसला. त्याच्या दृष्टीने कारखाना म्हणजे नियम आणि शेत म्हणजे आपले घरचे.

त्याच आठवड्यात तो आजारी पडला. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या, नजर अंधुक. घरच्यांना वाटले ऊन लागले. लिंबूपाणी देऊन निजवला. शेवटी दवाखान्यात नेला, पण कुठले औषध मारले ते कोणालाच सांगता येईना, कारण बाटली ओढ्यात फेकलेली. दैव बलवत्तर म्हणून पोरगा वाचला.

एकच माणूस, एकच दिवस. मधे फक्त एक भिंत. भिंतीच्या आत त्याच्या जिवाला किंमत आणि बाहेर नाही, असे का? भिंतीच्या आतली ती किंमत आपोआप आलेली नाही, कोणीतरी ती मागून घेतली. त्या मागणाऱ्यांतले पहिले मोठे नाव म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

ठाण्यातला मुलगा

लोखंड्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. मूळ गाव पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातले कन्हेरसर. घराणे माळ्याचे, घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले आणि पुढे शिकण्याऐवजी पोटामागे लागावे लागले. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर मुंबईला एका कापड गिरणीत वरच्या कारकुनाची जागा मिळाली.

ही नोकरी बरी होती. टेबल-खुर्ची होती, पगार ठरलेला होता. गिरणीतले बाकीचे लोक खाली खात्यात काय भोगतात, याकडे डोळेझाक करून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. पण कारकुनाच्या टेबलावरूनच त्यांना सगळे दिसले. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहू लागली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. त्यात कामाला कोण? आपल्याच कोकणातले, घाटावरचे, शेतीत भागेना म्हणून गाव सोडून आलेले शेतकरी आणि शेतमजूर. दिवस उजाडला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरत. आठवड्याची सुट्टी नाही, पगाराची तारीख नाही. पट्ट्यात हात सापडून तुटला तर माणूस घरी. त्याचे पुढे काय झाले, हे विचारणारा कोणी नाही.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. लोखंडे त्यात सामील झाले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र पैशाअभावी अडचणीत आले, तेव्हा लोखंड्यांनी ते १८८० मध्ये मुंबईत आणून चालवायला घेतले. नोकरी करून पत्र चालवणे किती कठीण असते ते पत्र चालवणाऱ्यालाच ठाऊक. पुढे त्यांनी कामगारांच्या कामासाठी नोकरीवरही पाणी सोडले.

माणूस देव नव्हता, हेही सांगितले पाहिजे. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याची सुरुवातीची दोन प्रकरणे दीनबंधूत छापून आली, पुढची लोखंड्यांनी छापली नाहीत. भाषा फार जहाल वाटली, सरकारची भीती वाटली. जोतीराव त्यांच्यावर चांगलेच रागावले. पण म्हणून दोघांचे काम थांबले नाही. चूक झाली तरी काम सोडायचे नसते, हे आपण गावात नेहमी विसरतो.

कायदा होता, पण कोणासाठी?

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा आला. ऐकायला मोठे वाटते. पण आत काय होते बघा. शंभर किंवा जास्त माणसे असतील त्याच कारखान्याला तो लागू. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचे. बस. मोठ्या बाया-माणसांबद्दल अक्षर नाही. तपासणी तोकडी. मालक म्हणत, मजुरांची काही तक्रारच नाही, मग कायदा कशाला?

लोखंड्यांनी नेमके हे बोट धरले. तक्रार नाही म्हणता ना, मग तक्रार लिहूनच दाखवू. १८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले, तेव्हा त्यांनी सप्टेंबरच्या २३ आणि २६ तारखेला परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे मागण्या ठरल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. त्याच वर्षी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली. देशातल्या कामगार संघटनेची सुरुवात म्हणून तिचे नाव घेतात.

मागण्या काय होत्या? नीट वाचा. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि शेवटची मागणी मला सर्वात महत्त्वाची वाटते. कामावर जखम झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय.

यात चंद्र कोणी मागितला नव्हता. तरी सहा वर्षे काही हलले नाही. अर्ज गेले, पुन्हा अर्ज गेले. संघटनेकडे ना वर्गणी होती, ना सभासदांची वही, ना घटना. सरकारी अहवालात तर नोंद आहे की हे लोखंडे म्हणजे कामगारांचे एक फुकट सल्लागार. हिणवण्यासाठी लिहिले असेल, पण मला तो गौरव वाटतो.

रविवारची सुट्टी

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन स्त्री कामगार त्या सभेत उभ्या राहून बोलल्या. त्या काळात ही केवढी गोष्ट! या सभेचा अर्ज गिरणी मालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपली मुले रविवारी घरी असतात, बँक बंद असते, तेव्हा या तारखेची आठवण कोणाला होत नाही.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवे फॅक्टरी कमिशन नेमले. त्यात मुंबईपुरते स्थानिक सभासद म्हणून लोखंडे बसले. ज्याने बाहेरून अर्ज केले तोच आता आत बसून साक्षी ऐकू लागला. १८९१ चा सुधारलेला कायदा आला. पन्नास माणसांच्या कारखान्यालाही तो लागू झाला. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आली, बायकांचे काम अकरा तासांवर आले, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली.

लोखंडे फक्त गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करायला नकार द्यावा म्हणून त्यांनी १८९० मध्ये मुंबईतल्या न्हावी बांधवांची सभा घडवून आणली. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा समेटासाठी ते फिरले. सरकारने त्यांना रावबहादूर केले, जस्टिस ऑफ दि पीस केले.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. ज्याला जमले तो मुंबई सोडून पळाला. लोखंडे थांबले. रोग्यांसाठी इस्पितळाची सोय करण्यात ते गुंतले आणि त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्याही आत. महिन्याभरातच, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या.

जखमी कामगाराला भरपाई द्यावी, ही त्यांची मागणी कायद्यात यायला १९२३ साल उजाडले. म्हणजे अर्ज दिल्यापासून ३९ वर्षे! २००५ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. एकेकाळी टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाचे तिकीट निघाले.

आता आपल्या बांधावर या

तुम्ही म्हणाल, हे गिरणीचे झाले, आमच्या शेताशी याचा काय संबंध?

संबंध असा. फवारणीच्या मजुरासाठीही कायदा झाला आहे. तोही माणसे मेल्यावरच आला. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यात विषबाधेने शंभरावर माणसे दगावली. मुंबईहून जहाजाने गेलेल्या गव्हाच्या पिठात त्याच जहाजावरचे पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले.

या नियमांत काय लिहिले आहे, ते आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? औषध हाताळणाऱ्या आणि फवारणाऱ्या माणसाला अंग झाकणारा पोषाख, डोक्याला टोपी, अर्ध्या हातापर्यंत येणारे रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट पाहिजेत. गरज असेल तिथे श्वासासाठी मास्क पाहिजे. फवारणीच्या कामावरच्या माणसांची कामाआधी आणि नंतर ठरावीक मुदतीने डॉक्टरी तपासणी पाहिजे. प्रथमोपचार आणि उताऱ्याची औषधे जवळ पाहिजेत. प्रशिक्षण पाहिजे. रिकामे डबे-बाटल्या फोडून वस्तीपासून दूर पुरले पाहिजेत. डब्यावर रंगाचे चौकोनी चिन्ह पाहिजे. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. आणि माहितीपत्रक आपल्या भाषेत पाहिजे.

म्हणजे कागद भरलेला आहे. अगदी १८८१ सारखा. पण कागद आणि बांध यांच्यात अंतर पडले की काय होते, ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने दाखवले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली, हवा दमट, एकात एक मिसळलेली औषधे, अंगावर काही नाही. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. हे सगळे झाले माणसे गेल्यावर.

आपल्याकडे कपाशी नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे आंबा आहे. मोहोरावर तुडतुडे आले की गनने वर मारायचे आणि ते औषध पावसासारखे खाली तोंडावर पडते. भाताला खोडकिडा, तुडतुडे आहेत. भाजीपाल्याला तर आठवड्याला फवारणी. आणि पंप कोणाच्या पाठीवर? बहुतेक वेळा आदिवासी वाडीवरच्या मजुराच्या. त्याला लेबल वाचता येत नाही आणि मालकाला वाचायला वेळ नाही.

एक कडू गोष्ट सांगतो. विषबाधेने शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पण ती सातबाऱ्यावरचा खातेदार आणि त्याच्या घरातला एक माणूस यांच्यासाठी आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही, जो रोजंदारीवर दुसऱ्याचे शेत फवारतो, त्याचे काय? लोखंड्यांनी १८८४ साली विचारलेला शेवटचा प्रश्न अजून बांधावर तसाच उभा आहे.

निरीक्षक येईल, मग बघू?

आता तुम्ही विचाराल, अंमलबजावणी कोणाची? कायद्याने कीटकनाशक निरीक्षक नेमलेले असतात. पण खरे सांगायचे तर त्यांची तपासणी मुख्यतः दुकानापाशी होते. परवाना, साठा, मुदत, नमुने. एका तालुक्यात गावे किती, बांध किती आणि निरीक्षक किती? फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी चालते, तेव्हा प्रत्येक बांधावर सरकारी माणूस उभा करता येत नाही. आम्ही खात्यातली माणसे शिबिर घेतो, किट दाखवतो, फोटो निघतो आणि किट घरात खुंटीला लागते. यात आमचीही कसूर आहे, ती मी कबूल करतो.

म्हणून लोखंड्यांची वाट धरली पाहिजे. त्यांच्या हातात कुठलाही अधिकार नव्हता. त्यांनी काय केले? माणसे एकत्र बसवली, मोजक्या मागण्या ठरवल्या, लिहून काढल्या, सह्या घेतल्या आणि पाठपुरावा सोडला नाही. गावाला एवढे करता येते.

ग्रामसभेत किंवा आपल्या प्रभागातल्या बैठकीत एक ठराव घ्या. त्यात थोडेच ठेवा, पण पाळा. पोषाख, मोजे, चष्मा, मास्क आणि बूट मालकाने दिल्याशिवाय गावात कोणी दुसऱ्याचे शेत फवारणार नाही. एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच संच गावाने किंवा बचत गटाने घेऊन ठेवावेत आणि पंपासारखे ते फिरवावेत, मात्र प्रत्येक वेळी धुऊन. अठरा वर्षांखालची मुले, गरोदर बाई आणि अंगाला जखम असलेला माणूस फवारणीला नको. भर दुपारी आणि वाऱ्याच्या तोंडाला फवारणी नको. औषध काठीने ढवळायचे, हाताने नाही. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही. मधे बिडी-तंबाखू, खाणे-पिणे बंद, काम झाले की साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुवायचे. विषबाधा झाली तर दवाखान्याचा खर्च आणि बरा होईपर्यंतची मजुरी ज्याचे शेत त्याने द्यायची. हे कामाआधीच बोलून ठेवायचे.

पोलीस पाटील आणि आशा ताईंना एक विनंती. विषबाधेची प्रत्येक घटना वहीत लिहा, मग माणूस दगावो वा बरा होवो. तारीख, औषध, कोणाचे शेत, मजूर कोण, अंगावर काय होते. आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला, कृषी कार्यालयाला कळवा. मुंबईचे मालक म्हणत होते ना, तक्रारच नाही? आपल्याकडेही नोंदच नाही म्हणून सगळे ठीक दिसते.

आणि सर्वांनी पाठ करून ठेवा. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, चक्कर, अंधुक नजर, श्वासाला त्रास दिसला तर ऊन लागले म्हणून निजवू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. बाटली बघितली की डॉक्टरला उतारा ठरवायला वेळ लागत नाही. तळोज्याच्या त्या पोराची बाटली ओढ्यात होती, हे विसरू नका.

तो पोरगा आता बरा आहे, पुन्हा कामाला जातो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा शेतमालकाने मोजे आणि चष्मा आणून ठेवला होता. बूट अजून आलेले नाहीत. मी त्याला म्हटले, बूट आणले की मला कळव, मी बघायला येतो. लोखंड्यांना रविवार मिळायला सहा वर्षे लागली. आपल्याला एका जोडी बुटांसाठी एक हंगामही लागू नये.

पुढच्या फवारणीच्या आधी ठराव करा. मला बोलावलंत तर मी येईन, सही पण करीन.